खुरप्याखालची भाजी

सोलापूरला लागून असलेल्या केगाव येथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ मध्ये ‘सोलापूर लाल’ हा वाण दिला. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या आकड्यांनुसार या वाणाच्या शंभर ग्रॅम ताज्या दाण्यांत ५.६ ते ६.१ मिलिग्रॅम लोह असते. जिल्ह्यातल्या बहुतेक बागांत उभ्या असलेल्या ‘भगवा’ वाणात ते २.७ ते ३.२ मिलिग्रॅम एवढेच भरते. जस्त आणि क जीवनसत्त्व यांतही ‘सोलापूर लाल’ पुढे आहे. फळ तेच, वाण बदलला आणि लोह जवळजवळ दुप्पट झाले. तरीही जिल्हा भगव्याचाच राहिला. व्यापारी दाण्याचा रंग पाहतो, सालीची चकाकी पाहतो, फळाचे वजन पाहतो आणि माल किती दिवस टिकेल ते विचारतो. लोहाचा भाव बाजार समितीच्या फलकावर लागत नाही, मग शेतकऱ्याने तो वाण कशाच्या भरवशावर लावायचा?

डाळिंबाचे निदान मोजले तरी गेले. त्यासाठी एक राष्ट्रीय केंद्र आहे, शास्त्रज्ञ आहेत, प्रयोगशाळा आहे. आपल्या ताटात रोज पडणाऱ्या भाजीच्या वाट्याला यातले फार थोडे आले. वाणावाणांत दुपटीचा फरक डाळिंबात असू शकतो, तर तो वांग्यात, अंबाडीत, माठात, गाजरातही असणार. तो कुठे किती आहे याचा गावागणिक हिशेब मांडायच्या आतच या जिल्ह्याच्या शेतांतून भाज्यांची नावे एकामागून एक पुसली जात आहेत. त्यांचा मोर्चा निघत नाही आणि त्यांच्यासाठी कुणी उपोषणाला बसत नाही, म्हणून धोक्याच्या या घंटेचा आवाज कुणाच्या कानी जात नाही.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये ते ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांत रस्ते झाले, घरोघर गॅस आला, मोबाइल आले, आणि दहातल्या सात लेकरांच्या अंगात पुरेसे रक्त नाही. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. लवकर लग्न, लागोपाठची बाळंतपणे, पोटातले जंत, ब-१२ ची कमतरता ही सगळी त्यात येतात. नुसत्या पालेभाजीने तो बरा होत नाही, आणि लोहाच्या गोळ्या बंद करून भाजी खा असे कुणी सांगत असेल तर ते मुळीच ऐकू नये. पण ज्या घरात गोळी पोहोचते आणि भाजी पोहोचत नाही, त्या घरात गोळीचा कोर्स संपल्यावर काय उरते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आणि या जिल्ह्यात भाजी पोहोचत होती. बाजारातून नव्हे, शेतातून.

सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. पर्जन्यछायेतला, सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. परतीच्या पावसाची ओल काळ्या रानात धरायची आणि त्या ओलीवर मालदांडी ज्वारी काढायची, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. पण ज्वारीच्या रानात कधी नुसती ज्वारी नसायची. कडेने करडईचे पाटे असत. करडई दाट उगवली की विरळणी होई, आणि उपटलेली कोवळी रोपे म्हणजेच करडईची भाजी. हरभरा महिन्या-सव्वा महिन्याचा झाला की बाया शेंडे खुडायला जात. खुडल्याने झाडाला फांद्या फुटतात, घाटे वाढतात, म्हणून रानाचा मालकही नाही म्हणत नसे. बोटांना आंब लागे, लुगड्यावर डाग पडत, आणि संध्याकाळी घरी पाटीभर भाजी येई. थोडी त्या दिवशी शिजे, उरलेली सावलीत वाळवून उन्हाळ्यासाठी मडक्यात जाई. गव्हाच्या आणि लसणाच्या वाफ्यात चाकवत आपोआप उगवे. बांधाला पाथरी. जिथे ओल, तिथे घोळ. पावसाळ्यात तांदूळजा आणि कुर्डू. तुरीच्या कडेने अंबाडी, जी कन्नड घरात पुंडी होई आणि शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या तेलुगू घरात गोंगुरा. मराठवाडा-कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यात वेळ अमावस्येला शेतात जी भज्जी शिजते, आणि भोगीला घरोघर जी मिसळीची भाजी होते, तो त्या हंगामात रानात जे जे आहे त्याचा एका पातेल्यातला हजेरीपटच होता.

यातली निम्मी नावे कृषी विद्यापीठाच्या पुस्तकात ‘तण’ या सदराखाली सापडतील. पीक म्हणून त्यांना सातबाऱ्यावर जागा नाही. खुरपणीला गेलेल्या बाईच्या हाताखाली मात्र त्यांची लगेच निवड होई: हे फेकायचे, हे गुरांना, हे ओट्यात. मजुरी मालक देई, भाजी रान देई. त्या भाजीला पैसे पडत नव्हते, त्यामुळे ती कुठल्या उत्पन्नात, कुठल्या पाहणीत धरली गेली नाही. आणि जे कधी धरले गेले नाही, ते नाहीसे झाल्याचेही कुणाच्या लक्षात येत नाही.

या भाज्यांत काय होते? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात ५२८ पदार्थ आहेत. शेवग्याच्या पाल्याचा आकडा पाहा: शंभर ग्रॅममागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आणि शंभरच्या वर क जीवनसत्त्व. बारमाही मिळणाऱ्या कोबीत कॅल्शियम पन्नासच्या आसपास आणि बीटा कॅरोटीन नावापुरते. घोळीच्या रसरशीत पानांत अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ गटातले स्निग्धाम्ल, इतर बहुतेक पालेभाज्यांपेक्षा अधिक असते. चाकवत, माठ, तांदूळजा या गडद पानांत कॅरोटीन आणि खनिजे भरपूर असतात. अंबाडीच्या आंबटपणाचे तर खास मोल आहे. आंबट पदार्थ लोखंडी कढईत शिजला की कढईतले लोह त्यात उतरते, आणि पालेभाजीतले लोह शरीरात शोषले जायला आंबटाची, विशेषतः क जीवनसत्त्वाची, साथ लागते. ज्वारीच्या कण्या घातलेली अंबाडी, वरून लसणाची फोडणी आणि शेजारी लिंबाची फोड, हे ताट ज्यांनी ठरवले त्यांनी शोषणाचे शास्त्र वाचले नव्हते. पण आज शास्त्र त्यांच्या बाजूने उभे आहे.

आता तण मारायला तणनाशकाचा पंप पुरतो. ज्वारीत आणि उसात अॅट्राझीन, रुंद पानाच्या तणांवर टू-फोर-डी. रुंद पानाचे तण म्हणजे कोण? चाकवत, घोळ, पाथरी, तांदूळजा. औषधाच्या डब्यावर लिहिलेल्या यादीत आपल्या आजीच्या भाजीचीच नावे असतात. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. खुरपणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, आणि एका फवारणीत आठ दिवसांचे काम उरकते. त्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नाही. हरभऱ्याचेही तेच. घाटेअळीसाठी इतक्या फवारण्या पडतात की शेंडा खुडावा की नाही अशी भीती वाटते, आणि ती भीती रास्त आहे. फवारलेल्या रानातली भाजी कुणी खाऊ नये.

उजनीचे पाणी आले आणि ऊस आला. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा ही ओळख आपण अभिमानाने सांगतो. उसाने घरे बांधली, मुले शिकवली, हे नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण बारा-पंधरा महिने एकाच पिकाखाली राहणाऱ्या रानात विरळणीची करडई नसते, खुडायचा हरभरा नसतो. करडईचे क्षेत्र तर राज्यभर आटले. या पिकाच्या संशोधनात सोलापूरचे नाव मोठे आहे. ‘भीमा’ हा गाजलेला वाण इथलाच. परंतु करडईकडे संशोधनाने पाहिले ते तेलबिया म्हणून. बियांत तेल किती, रोगाला दाद किती, उतारा किती, हे तपासले गेले. कोवळ्या पानाची चव आणि त्यातले लोह हा निवडीचा निकष झाला नाही. यात शास्त्रज्ञांचा दोष नाही. त्यांना जो प्रश्न दिला गेला, त्याचे उत्तर त्यांनी दिले.

निकषाचा हा प्रश्न केवळ सोलापूरचा नाही. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातले डोनाल्ड डेव्हिस आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये तिथल्या ४३ भाज्या-फळांचे १९५० आणि १९९९ चे सरकारी आकडे शेजारी ठेवले. प्रथिने, कॅल्शियम, स्फुरद, लोह, ब-२ आणि क जीवनसत्त्व हे सहा घटक एकूणात घटलेले दिसले. लोहातली घट सुमारे १५ टक्के, क जीवनसत्त्वातली २०, ब-२ मधली ३८. बदललेले वाण हे त्याचे सर्वांत संभवनीय कारण, असे त्यांनी म्हटले. जास्त उतारा देणारे झाड आकार आणि पाणी झपाट्याने वाढवते, खनिजे त्या वेगाने वाढत नाहीत. शेतकरी म्हणतो, वजन वाढले. ते खरेच आहे. वाढलेल्या वजनात काय आहे, हे वजनकाटा सांगत नाही.

वांग्याचे उदाहरण प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. फोडी चिरून ठेवल्या की काळ्या पडतात, म्हणून आपण त्या मिठाच्या पाण्यात टाकतो. हे काळवंडणे ज्यामुळे होते ते फिनॉल वर्गातले पदार्थ, त्यातले प्रमुख क्लोरोजेनिक आम्ल, हीच वांग्याची अँटिऑक्सिडंट शक्ती. सालीच्या जांभळ्या रंगातले नासुनिन त्यात भर घालते. गिऱ्हाइकाला न काळवंडणारे, पांढऱ्याशुभ्र गराचे वांगे हवे असते. त्या मागणीसाठी वाण निवडत गेले की नेमके हे पदार्थ कमी होत जाण्याचा धोका असतो. भरल्या वांग्यासाठी घेतलेली काटेरी, जांभळी-हिरवी रेघाळ वांगी आणि ट्रकने आलेली एकसारख्या आकाराची चकचकीत वांगी तराजूत एकाच भावाने जातात, पण ती एकच भाजी आहे असे समजणे चूक आहे.

इथे एका भाबडेपणापासूनही सावध राहायला हवे. गावरान ते सगळे पौष्टिक आणि संकरित ते सगळे निकस, असा नियम नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा बीटा केसरी-१’ हा केशरी फुलकोबी दिला. साध्या पांढऱ्या फुलकोबीत नसल्यासारखे असणारे बीटा कॅरोटीन त्यात मुद्दाम आणलेले आहे. ‘भू सोना’ आणि ‘भू कृष्णा’ ही रताळी अनुक्रमे कॅरोटीन आणि अँथोसायनिनसाठी निवडली गेली. लाल गाजरात लायकोपीन, केशरीत बीटा कॅरोटीन, काळ्या-जांभळ्यात अँथोसायनिन. एक गेले आणि दुसरे आले तर सगळेच बुडाले असे होत नाही. अनेक पालेभाज्यांत ऑक्झॅलेटही असते, ते कॅल्शियम अडवून धरते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी त्याबाबत डॉक्टरांना विचारावे. म्हणूनच मोजायला हवे. न मोजता केलेला गौरव आणि न मोजता केलेली हेटाळणी दोन्ही सारख्याच निरुपयोगी आहेत.

दुसरीकडे ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाचा बाजार मात्र तेजीत आहे. गोळ्या, पावडरी, रस, बाटल्या. या शब्दाने भुलणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले: बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतली तशीच एक मोठी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. आणि अन्नपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची जी यादी अमेरिकी कृषी खाते प्रसिद्ध करत असे, ती त्या खात्यानेच २०१२ मध्ये मागे घेतली, कारण परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा वापर वस्तू खपवण्यासाठी होत होता आणि माणसाच्या आरोग्याशी त्यांचा थेट संबंध दाखवता येत नव्हता. पानातून वेगळा काढून बाटलीत भरलेला एक पदार्थ पानाचे काम करत नाही. तंतू, खनिजे, आम्ले, रंगद्रव्ये असे सगळे एकत्र पोटात जाते तेव्हा जे घडते, ते भाजीनेच घडते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळे खा म्हणते, ती गोळ्यांचे नाव घेत नाही.

आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एक सोपी चाचणी होते. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे गर्द जांभळे द्रावण घ्यायचे, त्यात भाजीचा अर्क थेंबाथेंबाने सोडायचा. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरून द्रावण फिकट पिवळे होते. विद्यार्थी आलेख काढतात, प्रबंध बांधून होतो, कपाटात जातो. परीक्षानळीतल्या आकड्याची मर्यादा वर सांगितलीच आहे. पण ज्या हातांना हे जमते, त्यांना लोह, कॅल्शियम, क जीवनसत्त्व, ऑक्झॅलेट मोजणे अशक्य नाही. कुठल्या गावची अंबाडी, लाल देठाची की हिरव्या देठाची, कोरडवाहू रानातली की पाण्याखालची, खुडल्यावर किती तासांनी तपासली, शिजवल्यावर किती उरले, ही नोंद सोबत असली तर तोच प्रबंध जिल्ह्याच्या कामाचा दस्तऐवज होईल. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने असे विषय पदव्युत्तर प्रकल्पांसाठी पुढे करावेत. एकाच जिल्ह्यापुरते हे विद्यापीठ २००४ मध्ये उभे राहिले. जिल्ह्याच्या ताटाचा अभ्यास हे त्याचे पहिले काम असायला हवे.

सरकारच्या पातळीवर काहीच नाही असे नाही. कृषी विभाग दरवर्षी ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. उपक्रम चांगला आहे, पण त्याचे वेळापत्रक सह्याद्रीच्या पावसावर बेतलेले आहे. सोलापुरात ऑगस्टमध्ये घोळ, कुर्डू, तांदूळजा मिळेल. चाकवत, करडई, हरभरा दिवाळीनंतर येतात. आपल्या जिल्ह्याचा महोत्सव मार्गशीर्ष-पौषात, वेळ अमावस्येच्या आणि भोगीच्या सुमारास भरला पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर देशभर त्या नोंदवह्या घाईघाईने भरल्या गेल्या. आपल्या गावच्या नोंदवहीत भाज्यांचे पान काय म्हणते, ते येत्या ग्रामसभेत वाचून दाखवा अशी मागणी प्रत्येक गावाने करावी, आणि ऐकायला साठीच्या पुढच्या बायांना पुढच्या रांगेत बसवावे. चुका त्या लगेच सांगतील.

सोलापूरचे डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारीच्या भाकरीची छायाचित्रे सगळीकडे झळकली. त्या भाकरीवरच्या भाजीची नोंद कुठे आहे? शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांची नोंदणी २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली करता येते. तालुक्यातालुक्यातली वांगी, अंबाडी, गवार, दोडका यांचे वेगळेपण सिद्ध करून ती व्हायला हवी. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावच्या बियाण्यांची बँक उभी करून २०२० मध्ये पद्मश्री मिळवली. त्यांच्यासारख्या बाया या जिल्ह्यातही आहेत, त्यांच्या मडक्यांतल्या बियांना विचारणारे कुणी नाही.

या रब्बीपासून करता येण्याजोग्या चार गोष्टी जिल्हा परिषद आणि कृषी विभाग यांच्यापुढे आम्ही ठेवत आहोत. ज्या शाळांना जागा आणि पाणी आहे तिथल्या परसबागेत शेवगा, अंबाडी, माठ आणि करडई लावावी आणि शालेय पोषण आहारात आठवड्यातून दोनदा ती शिजावी. प्रत्येक शेतकऱ्याने घराजवळची दोन गुंठे जागा तणनाशकाविना ठेवावी, यासाठी कृषी सहायकांनी गावोगाव सांगावे. पंचायत समित्यांनी बचत गटांना या पालेभाज्या विकण्यासाठी आठवडी बाजारात जागा द्यावी. मंडईत पालकाच्या जुडीशेजारी चाकवताची जुडी दिसली तर शहरातले गिऱ्हाईक ती घेईल. आणि तालुकानिहाय भाजीचे नमुने गोळा करून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत त्यांची तपासणी सुरू व्हावी.

चाकवताचे बी फार चिवट असते, जमिनीत ते अनेक वर्षे जिवंत राहू शकते. त्यामुळे बहुतेक रानांत अजून वेळ गेलेली नाही. पण उगवलेले झाड दरवर्षी फुलण्याआधीच मारले गेले तर जमिनीतला साठा दर हंगामाला घटतो आणि त्यात नवी भर पडत नाही. होळीच्या सुमारास हे बी पिकते. नमुने आणि बियाणे गोळा करण्याचे आदेश त्याआधी, डिसेंबरअखेर निघाले पाहिजेत. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यासाठी कृषी अधीक्षक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि विद्यापीठ यांची संयुक्त बैठक दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात बोलवावी.